लीड खुर्चीसाठी लहान बोअरचा ट्रॉम्बोन : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या उपनगरात आमचा हौशी बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, आहे. चार ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, पितळी वाद्य), चार ट्रंपेट, पाच सॅक्सोफोन आणि मागे पियानो, बास, ड्रम. पहिला ट्रॉम्बोन, म्हणजे चौघांच्या सेक्शनचा पुढारी असलेली ‘लीड’ खुर्ची, सांभाळणारे गृहस्थ मार्चअखेर कायमचे फ्लोरिडाला निघालेत. त्यांची खुर्ची माझ्याकडे येतेय, पण त्या खुर्चीला साजेसं वाद्य माझ्याकडे नाही. लहान बोअरचा, म्हणजे आतून अरुंद नळीचा, कोणता टेनर ट्रॉम्बोन घ्यायचा, एवढंच या प्रकल्पात ठरवायचंय. जूनपासून बागेतले कार्यक्रम सुरू होतात. वाद्य एप्रिलमध्ये हातात आलं पाहिजे, म्हणजे सवय व्हायला वेळ मिळेल.

सध्या माझ्याकडे आहे तो ०.५४७ इंच बोअरचा, एफ व्हॉल्व्ह (जास्तीची नळी जोडणारी झडप) असलेला मोठा ट्रॉम्बोन. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रासाठी घेतला होता आणि त्या कामाला तो उत्तम आहे. बँडमध्ये तिसऱ्या खुर्चीवरही निभावून गेला. पण लीडचं पान वरच्या पट्टीत वावरतं. मधल्या सी-वरचा बी फ्लॅट हा स्वर तर सारखाच येतो, सी आणि डीही अधूनमधून डोकावतात. परवाच्या तालमीत प्रयोग म्हणून लीडचं पान घेतलं. दुसऱ्या सेटपर्यंत ओठ थकले. आवाज भारदस्त येत होता, पण ट्रंपेटच्या भिंतीमागेच राहत होता. जास्त फुंकलं की तो मोठा व्हायचा, पुढे मात्र यायचा नाही. मला पुढे येणारा आवाज हवाय.

पैसे एकाच वाद्यापुरते आहेत, तेही वापरलेल्या. मोठा ट्रॉम्बोन विकणार नाही.

१४ जानेवारी

आधी आकडे. बोअर म्हणजे स्लाइडच्या आतल्या नळीचा आतला व्यास. माझ्या मोठ्या वाद्याचा ०.५४७ इंच, म्हणजे १३.९ मिमी. लहानांतला सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा ०.४८१ इंच, १२.२ मिमी. फरक पावणेदोन मिलिमीटरही नाही, पण क्षेत्रफळ काढलं तर मोठी नळी २९ टक्क्यांनी जास्त निघते.

आवाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढे आहे. ट्रॉम्बोनच्या नळीचा बराच मोठा हिस्सा सरळ दंडगोल असतो. त्यातून दाबाची लाट जाते तेव्हा लाटेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा किंचित वेगाने धावतो, कारण दाबलेली हवा थोडी जास्त तापलेली असते आणि स्वतःही पुढे सरकत असते. लांब नळीत हा माथा पुढे पुढे सरकतो, लाटेची पुढची बाजू उभी होत जाते, आणि बेलपाशी, म्हणजे वाद्याच्या कर्ण्यासारख्या तोंडाशी, पोचेपर्यंत तिच्यात वरच्या स्वरांशांची भर पडलेली असते. जोराने वाजवल्यावर पितळी वाद्याला जी धार येते ती इथून. आता तीच ताकद अरुंद नळीतून पाठवली तर दाब वाढतो. माझ्या हिशोबाने ०.५४७ ऐवजी ०.४८१ मध्ये सुमारे १४ टक्क्यांनी. म्हणजे लहान बोअरला धार कमी आवाजातच येते. लीडला हेच हवं असतं: सेक्शनच्या वर दिसायचं, पण किंचाळायचं नाही.

‘लहान’ हा शब्दही आजच्या मापाने आलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मापं सर्वसाधारणच होती. इंग्लंडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये अरुंद ट्रॉम्बोन १९५० च्या आसपासपर्यंत टिकून होते. पुढे अमेरिकी पद्धतीचे मोठे बोअर ऑर्केस्ट्रांमध्ये सगळीकडे पसरले, आणि जुनी मापं डान्स बँडवाल्यांकडे, जॅझवाल्यांकडे राहिली. ट्रॉम्बोनवादक टॉमी डॉर्सीचं गळ्यातून आल्यासारखं संथ गाणं असो की जे. जे. जॉन्सनचे बीबॉपमधले झपाट्याचे टोकदार स्वर, दोन्ही याच कुळातल्या वाद्यांतून आले.

माझा कान मात्र त्याही आधी मुंबईत तयार झाला. हिंदी चित्रपटांच्या जुन्या गाण्यांत क्लबच्या दृश्यांना जे ब्रास वाजतं, ते वाजवणारे बरेचसे वादक गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, हॉटेलांच्या डान्स बँडमध्ये घासून तयार झालेले आणि दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारे. त्या गाण्यांतला ट्रॉम्बोन दोन-तीन सेकंदच येतो, पण येतो तेव्हा नेमका पुढे येतो.

१९ जानेवारी

उमेदवार ठरले.

किंग २बी : ०.४८१ इंच, बेल ७ ३/८ इंच. किंग ३बी : ०.५०८ इंच, बेल ८ इंच. बाख १६ : स्लाइडची वरची नळी ०.४९५ आणि खालची ०.५०९, म्हणजे दुहेरी बोअर. कॉन ६एच : ०.५०० इंच. आणि यामाहा वायएसएल-३५४ : ०.५०० इंच, शाळकरी मुलांच्या हाती सगळ्यात जास्त दिसणारं वाद्य.

स्टर्लिंग चांदीच्या बेलचे किंग, म्हणजे सिल्व्हरसॉनिक, यादीतून काढले. फार देखणे असतात, पण बेल चांदीची म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत. हातांनी जुळवून बनवलेली आजची महागडी वाद्यंही काढली, बजेटात बसत नाहीत.

०.५०० आणि ०.५०८ यांच्या क्षेत्रफळात फक्त ३ टक्क्यांचा फरक आहे. एवढ्यावरून दोन वाद्यांचा स्वभाव सांगणं शक्य नाही. लीडपाइपचा (माउथपीसपुढच्या निमुळत्या नळीचा) उतार, बेलचा घसा किती लवकर उघडतो, पत्र्याची जाडी, या सगळ्यांचं वजन बोअरच्या आकड्याइतकंच आहे, क्वचित जास्तही. त्यामुळे आकड्याने यादी करायची आणि निवड कानाने.

२६ जानेवारी

आज माउथपीसचा प्रश्न मिटवला. तो आधी मिटला नसता तर पुढची तुलना फुकट गेली असती.

मोठ्या ट्रॉम्बोनला जाड शँकचा, म्हणजे वाद्यात बसणाऱ्या दांडीचा, माउथपीस लागतो, लहान बोअरला बारीक शँकचा. माझा ५जी इकडे बसतच नाही. दोन बारीक शँकचे घेतले : बाखचा ६ १/२ एएल, कड सुमारे २५.४ मिमी, म्हणजे माझ्या ओठांच्या सवयीच्या जवळचा, आणि ११सी, सुमारे २४.७ मिमी, पेला उथळ. प्रत्येक वाद्य आधी ६ १/२ एएल-वर वाजवायचं, म्हणजे वाद्यावाद्यातला फरक कळेल. मग ११सी-वर, म्हणजे त्या वाद्याला काय रुचतं ते कळेल. कसोटी तीच ठेवायची : लांब स्वर, दोन सप्तकांतली बी फ्लॅट स्केल, लीडच्या पानावरच्या आठ ओळी, आणि एक बॅलड (संथ गाणं) अगदी हळू आवाजात. हळू वाजवताना वाद्याचं खरं कळतं. मोठ्याने सगळीच चांगली वाजतात.

२ फेब्रुवारी

यामाहा ३५४. मुलीच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईने शनिवार-रविवारपुरता दिला.

या वाद्याबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय. स्लाइड अप्रतिम सरळ आहे. सगळे स्वर जिथे हवेत तिथे बसतात, कुठेही ओढाताण नाही. ज्याला परवडणारा लहान बोअर हवा आहे त्याने दुसरीकडे बघायच्या आधी हा वाजवावा. भारतातल्या कुणाला सुरुवात करायची असेल तर मी डोळे मिटून याचंच नाव सांगेन. सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो ओळखीचा असतो.

लीडसाठी मला तो अपुरा वाटला तो मध्यम जोराच्या पुढे. तिथपर्यंत रंग छान खुलतो, त्यानंतर आवाज वाढतो पण रंग बदलत नाही, थोडा पसरतो. शाउट कोरसमध्ये, म्हणजे सगळा बँड एकदम तुटून पडतो तिथे, मला त्यापुढचा एक दर्जा हवा आहे. यादीत राहील, पण खालच्या बाजूला.

९ फेब्रुवारी

आज २बी पाहिला. दिवंगत झालेल्या एका डान्स बँड वादकाच्या घरच्यांनी विकायला काढलाय, आणि खोक्यावरची धूळही अजून तशीच होती.

बेलवर कोरलेलं : एच. एन. व्हाइट कंपनी, क्लीव्हलंड. हे वाद्य माझ्या घरापासून अर्ध्या तासावर बनलेलं आहे. हेंडरसन व्हाइटने १८९३ मध्ये इथे कंपनी काढली, थॉमस किंग नावाच्या ट्रॉम्बोनवादकासोबत वाद्याचा आराखडा केला आणि त्याचंच नाव वाद्याला दिलं. कारखाना सुपीरिअर अ‍ॅव्हेन्यूवर होता. १९४० मध्ये हेंडरसन गेले आणि पुढची पंचवीसेक वर्षं कंपनी त्यांच्या पत्नी एडना यांनी चालवली. धातूकामाच्या धंद्यात, त्या काळात! १९६० च्या दशकाच्या मध्याला कंपनी विकली गेली, काम शेजारच्या ईस्टलेकला हललं, आणि बेलवरचं कोरीवही बदललं. जुन्या वाद्यांच्या बाजारात ‘क्लीव्हलंड’ की ‘ईस्टलेक’ हा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो तिसरा असावा. पहिला स्लाइडचा, दुसरा लीडपाइपचा.

स्लाइड तपासली ती अशी. बाहेरची नळी काढून बाजूला ठेवली. आतल्या दोन नळ्यांच्या खालच्या टोकांना चार-पाच इंच लांबीचा किंचित जाड भाग असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीशी घसट फक्त तिथेच व्हावी म्हणून ती योजना. स्टॉकिंगवरचं क्रोम जवळून पाहिलं. वरच्या नळीवर ते अखंड, निळसर चकाकणारं. खालच्या नळीच्या आतल्या बाजूला मात्र नखाएवढा पट्टा पिवळा पडलेला, आणि त्यावर नखाचं टोक फिरवलं की कड लागते. क्रोम तिथे गेलेलं आहे. म्हणजे नळ्या कित्येक वर्षं समांतर नव्हत्या आणि त्या एकाच जागी घासत राहिल्या. मग बाहेरची स्लाइड उलटी करून एकेक नळी एकेकट्या आतल्या नळीवर चढवून पाहिली. वरची आपल्या वजनाने सर्रकन खाली आली. खालची मध्यावर अडखळली आणि तिथेच बारीक खरखर ऐकू आली.

मग माझा छोटा कॅमेरा लीडपाइपमध्ये सोडला. माउथपीस जिथे बसतो तिथून पुढची ही निमुळती नळी. ओठांतून येणारी ओल सगळ्यात आधी इथे लागते, त्यामुळे पितळातलं जस्त झिरपून जायला सुरुवात इथूनच होते. तसं झालं की गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात. इथे एकही नाही. वादकाने वाद्य आयुष्यभर धुऊन ठेवलं असणार.

वाजवलं. काय सांगू! ६ १/२ एएल-वर पहिलाच एफ लावला आणि तो हवेत उभा राहिला. मोठ्या ट्रॉम्बोनच्या सवयीने फुंकलं तर वाद्य परत ढकलतं. निम्मा श्वास दिला की गातं. हळू बॅलडमध्ये असा आवाज मी स्वतःच्या हातून कधी ऐकला नव्हता. घरच्यांनी दुरुस्तीवाल्याकडे दाखवायला आणि बँडमध्ये वाजवून बघायला वाद्य माझ्या ताब्यात दिलं.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या राज्यातून मागवलेला ३बी आला. बाहेरच्या स्लाइडच्या नळीला पोचा, तोही विक्रेत्याच्या फोटोंत नेमकी न दिसणाऱ्या बाजूला. वर्णनात ‘स्लाइड उत्तम’ लिहिलेलं. परत पाठवला, पैसे आले, विषय संपला. इथून पुढे स्लाइड स्वतः हातात घेतल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

२३ फेब्रुवारी

२बी घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे गेले. सत्तरीचे आहेत, कामाच्या टेबलावर ग्रॅनाइटची सपाट लादी आहे. मी कारखान्यात मोजमापाचं काम करते, तशीच लादी माझ्याही टेबलावर असते, त्यामुळे पाच मिनिटांत गप्पा जमल्या.

स्लाइडला तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. प्रत्येक नळी स्वतः सरळ हवी. दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर हव्यात. आणि दोन्ही एकाच प्रतलात हव्यात, म्हणजे एक वर आणि दुसरी खाली अशी पीळ बसलेली नको. त्यांनी आतली स्लाइड लादीवर टेकवली आणि एका कोपऱ्यावर बोटाने टकटक केली. टक्-टक् आवाज आला, म्हणजे पीळ आहे. नळ्या जोडणाऱ्या आडव्या पट्टीचं डाख तापवून सोडवलं, नळ्यांना आपणहून बसू दिलं, मग पुन्हा डाख लावलं. जोर लावून वाकवायची नाही, आतला ताण सोडायचा, हे त्यांचं तत्त्व. पुन्हा टेकवली तेव्हा टकटक बंद.

बाहेरच्या नळीतही एक पोचा होता, तो आतून पोलादी सळई घालून आणि वरून गुळगुळीत हातोडीने हलके ठोकून काढला. गेलेलं क्रोम मात्र परत येत नाही. ते म्हणाले, "सरळ झाल्यामुळे आता घासणार नाही, पण तो पट्टा तुम्हाला दर महिन्याला आठवण करून देईल. तिथे पितळ हवेशी आणि पाण्याशी थेट बोलतंय." नवीन आतल्या नळ्या बसवता येतात, पण तो खर्च वाद्याच्या किमतीच्या जवळ जातो.

स्लाइड आता चालते. छान चालते, पण यामाहासारखी नाही.

८ मार्च

सुराचा तक्ता केला. आमच्या दुसऱ्या खुर्चीवरचे मित्र ३बी वाजवतात. त्यांनी आठवड्यासाठी आपला दिला आणि स्वतः जुना दुसरा वापरला. माणूस मोठ्या मनाचा.

ट्रॉम्बोन शिकणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठीत हे कुठे वाचलेलं आठवत नाही. स्लाइडच्या सात जागा, म्हणजे सात पोझिशन. प्रत्येकीत अर्ध्या स्वराने खाली. नळी जितकी लांब झालेली असेल तितकं पुढचं अंतर वाढतं : पहिली ते दुसरी सुमारे ८ सेंमी, सहावी ते सातवी जवळपास ११. एकाच पोझिशनमध्ये ओठ आवळून जे वरचे स्वर मिळतात ते निसर्गाच्या हिशोबाने येतात, पियानोच्या नाही. पाचवा थोडा उतरलेला असतो. सातवा तर जवळजवळ एकतृतीयांश अर्धस्वराने उतरलेला. म्हणून वरचा जी दुसऱ्या पोझिशनमध्ये वाजवताना स्लाइड अडीचेक सेंमी आत घ्यावी लागते. आणि वरचा ए फ्लॅट पहिल्या पोझिशनमध्ये दुरुस्तच होत नाही, कारण आत घ्यायला जागा उरलेली नसते. तो तिसऱ्यात घ्यायचा.

वाद्यावाद्यात फरक पडतो तो निसर्गाच्या या हिशोबाला बेल आणि लीडपाइप कुठे किती वळवतात यात. माझ्या हाती असलेल्या या २बी-वर वरचा एफ चढा लागतो. पहिल्या पोझिशनमध्ये तो थोडा बाहेर घ्यावा लागतो, आणि त्यावरचा बी फ्लॅट मात्र जागेवर आहे. म्हणजे एफ-बी फ्लॅट अशा उडीत हात दोन वेगळ्या जागा शोधतो. ३बी-वर हाच एफ ट्यूनरच्या मध्यावर उभा राहिला. लीडच्या पानावर हा एफ दर दुसऱ्या ओळीला आहे. सवयीने जमेल, पण मी लीडला पहिल्यांदा बसतेय, आणि बाकी तिघे आपला सूर माझ्यावरून घेणार आहेत.

१५ मार्च

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

तालमीच्या आधी सेक्शन अर्धा तास लवकर आला. दुसऱ्या खुर्चीला मित्रांचं जुनं वाद्य, तिसऱ्या खुर्चीकडे ०.५२५ इंचाचा मध्यम बोअर, चौथा बास ट्रॉम्बोन. मी आलटून पालटून ३५४, ३बी आणि २बी वाजवला. एक चार आवाजांची संथ सुरावट, मग शाउट कोरसच्या सोळा मात्रा. हॉलच्या शेवटच्या रांगेत माझी मुलगी पाठ करून बसली. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, कान चांगला आहे, आणि कोणतं वाद्य कधी वाजेल ते तिला सांगितलं नव्हतं.

खुर्चीवरून मला २बी सगळ्यात सुंदर वाटला. यात शंकाच नव्हती. बेलच्या मागे बसून ऐकताना तो झळाळता, स्वच्छ, हुकमी वाटत होता.

मुलगी म्हणाली, "आई, तिसऱ्या वेळी तू एकटीच ऐकू येत होतीस."

"मग चांगलंच की. लीड आहे."

"नाही गं. तू वेगळी आणि ते तिघे वेगळे. दुसऱ्या वेळी चौघांचा मिळून एक मोठा ट्रॉम्बोन वाटत होता, आणि त्याचं वरचं टोक तू होतीस."

तिसरा २बी, दुसरा ३बी. मग रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिचं म्हणणं पटलं. संथ सुरावटीत २बी-चा आवाज खालच्या तिघांवर ठेवलेला वाटतो, त्यांच्यातून उगवलेला नाही. शाउट कोरसमध्ये तर तो सगळ्यांच्या आधी धारदार होतो, बाकीचे तेव्हा अजून गोलच असतात. १४ जानेवारीला लिहिलेलं तेच, फक्त दुसऱ्या बाजूने : अरुंद नळीला धार लवकर येते. सेक्शनमधले चौघेही अरुंद असते, तर सगळ्यांना एकदम आली असती. १९४० च्या बँडमध्ये ते तसंच असणार. आमच्या सेक्शनमध्ये खाली ०.५२५ आणि बास आहे. त्यांच्या वर बसायला ०.५०८ ची पायरी जुळते, ०.४८१ ची फार उंच पडते.

एकच ट्रॉम्बोन असलेल्या चार जणांच्या कॉम्बोसाठी, म्हणजे छोट्या जॅझ गटासाठी, मी क्षणाचा विचार न करता २बी उचलला असता.

२२ मार्च

दुकानात बाख १६ आणि कॉन ६एच वाजवून आले. दोन्ही थोडक्यात.

बाख १६ : मधोमध घट्ट, केंद्र पकडून ठेवणारा आवाज. जिथे लावाल तिथेच स्वर लागतो, बाजूला सरकू देत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत यावर विश्वास ठेवता येईल. माझ्या फुंकेला तो थोडा ताठर वाटला.

कॉन ६एच : हा मला फार आवडला. इंडियानातल्या एल्कहार्टला बनलेला जुना. १९७० च्या आसपास कॉनचं काम टेक्सासमधल्या अ‍ॅबिलीनला गेलं, म्हणून खरेदी करणारे बेलवर एल्कहार्ट शोधतात. ०.५०० बोअर असूनही आवाजात ३बी-पेक्षा जास्त रुंदी, किंचित लोकरी ऊब. ३५४ चाही बोअर ०.५००, आणि या दोघांचा आवाज एका कुळातला म्हणणंही कठीण. दुर्दैवाने दुकानातल्या या ६एच-च्या स्लाइडवर क्रोम दोन्ही नळ्यांवर गेलेलं, आणि किंमत मात्र बेलवरच्या कोरीवकामाची लावलेली. सोडला.

५ एप्रिल

३बी घेतला.

दुरुस्तीवाल्यांचा फोन आला. त्यांच्याकडे एका निवृत्त शिक्षकांनी विकायला ठेवलेला ईस्टलेकचा ३बी होता. दिसायला अगदी कळाहीन. बेलवरचं लॅकर (संरक्षक लेप) निम्मं उडालेलं, पितळ काळपट, हाताची पकड असते तिथे हिरवट डाग. या रूपामुळेच किंमत बरीच खाली. पण स्लाइड! स्टॉकिंगवरचं क्रोम दोन्ही बाजूंनी अखंड, लादीवर ठेवली तर टकटक नाही, दोन्ही नळ्या एकेकट्याने सोडल्या तर एकाच वेगाने खाली. लीडपाइप कॅमेऱ्यात स्वच्छ. बोअर गेजने मोजला, ०.५०८ भरला. लॅकर गेल्याने आवाजात काही बिघडत नाही, पितळ फक्त हाताला वास सोडतं. रोज पुसायचं.

११सी-वर वाजवला आणि थांबले. ६ १/२ एएल-वर तो गोड होता, ११सी-वर जागा झाला. लीडला ११सी, बॅलडला ६ १/२ एएल असं ठरवायचा मोह होतोय, पण ओठांना एकच कड द्यायची. ११सी.

२बी घरच्यांना परत दिला. दुरुस्तीचा खर्च मीच दिला, त्या वाद्याने मला पुष्कळ शिकवलं. त्यांना सांगितलं की खोक्यात ठेवू नका, कॉम्बोत वाजवणारं कुणी शोधा. दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीने जॅझ शिकणारी एक विद्यार्थिनी येऊन ऐकून गेली. घेईल असं दिसतंय.

१२ एप्रिल

म्यूटचं, म्हणजे आवाज बदलायला बेलमध्ये बसवायच्या टोप्यांचं, काम. माझे सगळे म्यूट मोठ्या बेलच्या मापाचे. बेलच्या अरुंद घशात सरळ म्यूट पुरेसा आत जात नाही, बाहेर राहतो आणि सूर बिघडतो. म्यूटवरच्या बुचाच्या तीन पट्ट्या बारीक सॅंडपेपरने थोड्या थोड्या घासल्या, दर वेळी ट्यूनर पाहत. घाई करायची नाही, जास्त घासलं तर म्यूट आतच पडतो. कप म्यूटही तसाच जुळवला. बकेट म्यूटच्या पकडी ८ इंची बेलच्या कडेवर सैल बसतात, त्यांना वाकवावं लागलं.

प्लंजरसाठी हार्डवेअरच्या दुकानातून सिंक साफ करायचा लाल रबरी कप आणला, दांडा काढून टाकला. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन याच रबराने ट्रॉम्बोनला बोलायला लावायचा, आत एक छोटा म्यूट घालून. बेल मोठी असेल तर हा कप पुरेसा झाकत नाही. ८ इंचीवर नीट बसतो, आणि ‘या’ व ‘वा’ यांच्यातला फरक स्पष्ट येतो.

१९ एप्रिल

लीड खुर्चीवरची पहिली पूर्ण तालीम.

वरचे बी फ्लॅट दुसऱ्या सेटलाही शिल्लक होते. श्वास कमी द्यायची सवय अजून लागतेय. शाउट कोरसमध्ये जुन्या खोडीने एकदम फुंकलं की ३बी-ही आवळतो, मग मी मनात ‘अर्धाच’ म्हणते. दुसऱ्या खुर्चीचे मित्र आपल्या ३बी-वर परतलेत आणि आमच्या दोघांच्या सप्तकातल्या जोड्या आता न बघता जुळतात. तिसऱ्या खुर्चीवाल्या बाईंनी मध्यंतरात येऊन सांगितलं की आता तुझ्यावरून सूर घ्यायला सोपं जातंय, एफ कुठे आहे ते शोधावं लागत नाही.

बँडप्रमुखांनी एका जागी मला हात दाखवून आवाज खाली करायला सांगितलं. मोठ्या ट्रॉम्बोनवर हे कधी झालं नव्हतं.

उरलेली कामं : खोक्याची एक बिजागरी बदलायची. वॉटर कीचं (आत साचलेलं पाणी काढायच्या झडपेचं) बूच नवीन लावायचं, हळू वाजवताना तिथून हवा सुटते. बेल आणि स्लाइडचा जोड धुऊन कोरडा करायचा, फिरवताना अडकतो. जूनच्या यादीतल्या तीन गाण्यांत वरचा ए फ्लॅट आहे, तिन्ही पानांवर पेन्सिलने ‘३’ लिहून ठेवायचं.